भाडेकरू हजर होत्या

घरं भाड्याने लावणाऱ्या माणसाबद्दल जगात कुणी चांगलं बोलत नाही. मालक म्हणतो, हा भाडेकरूला सामील. भाडेकरू म्हणतो, हा मालकाचा चमचा. दोघांचं एकमत होतं ते इतक्याच गोष्टीवर, की हा मधल्यामध्ये खातो. चावीबाई वीस वर्षं या धंद्यात होत्या आणि वीस वर्षं त्यांनी हे निमूट ऐकून घेतलं होतं. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आधी दिसायचा, मग बाई दिसायच्या, म्हणून चावीबाई.

मग मंडळ आलं. एजंट लोकांना शिस्त लावली पाहिजे असं वरच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि एक मंडळ निघालं. मंडळाने नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं, परीक्षा घेतली आणि पास झालेल्यांना मान्यतेचं प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्र असेल तर धंदा करा, नसेल तर शटर ओढा. अर्धेअधिक एजंट पहिल्या वर्षीच गळाले. चावीबाई पहिल्या झटक्यात पास झाल्या, तेही नवरा जाऊन वर्ष उलटलं नव्हतं तेव्हा. प्रमाणपत्र त्यांनी काचेच्या चौकटीत घालून नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलं. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पुस्तकातला सर्वांत मोठा नियम तपासणीचा. दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरात स्वतः जायचं, बेचाळीस मुद्दे पाहायचे, फोटो काढायचे, भाडेकरूशी दोन शब्द बोलायचे आणि रिपोर्टवर सही करायची. नियम सोन्यासारखा होता. पण घरं होती एकशे अठरा, जिने मोजता येणार नाहीत इतके, आणि गुडघे दोन. त्यातला डावा तर पहिल्याच मजल्यावर रुसून बसायचा.

ऑफिसात त्यांच्या जोडीला धाकटा दीर होता. कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. एका सकाळी वहिनी गुडघ्याला पट्टा बांधताना बघून तो म्हणाला, "वहिनी, सहा महिन्यांत भिंती काय चालत जातात? मागचा रिपोर्ट उघडायचा, तारीख फिरवायची, झालं."

"आणि फोटो, भाऊजी?"

"फोटोतल्या खुर्चीला कुठे वय कळतं?"

तेव्हापासून ऑफिसात "तारीख फिरवणे" हा शब्दच रूढ झाला. सगळ्या घरांची नाही हं. कटकट करणाऱ्या भाडेकरूंकडे चावीबाई जायच्या, तळमजल्यावरच्या घरांत जायच्या, लिफ्ट असेल तिथेही जायच्या. तारीख फिरायची ती शहाण्या, गप्प, वरच्या मजल्यांवरच्या लोकांची. जगाची रीतच आहे ही. रडेल त्याला दूध, आणि न रडणाऱ्याची तारीख फिरवा.

प्रमाणपत्राची मुदत संपत आली तेव्हा मंडळाकडून परीक्षक आले. काटकुळे, खाली मान घालून चालणारे गृहस्थ. चहा नको म्हणाले, कोमट पाणी मागितलं, आणि दोन तासांत चाळीस फायली चाळल्या. एकदाही भुवई हलली नाही. चावीबाईंचा जीव टांगणीला लागला होता. प्रमाणपत्र गेलं तर नुसतं ऑफिस जाणार नव्हतं. त्यांच्या आणि दिराच्या, दोन्ही घरच्या चुली त्या एका चौकटीवर पेटत होत्या.

"कागद छान आहेत," परीक्षक शेवटी म्हणाले. "आता एक घर प्रत्यक्ष बघू. हे कसं वाटतं?" आणि त्यांनी एक फाईल पुढे सरकवली. "उद्या चार वाजता. भाडेकरूला चोवीस तास आधी लेखी सूचना द्यायची असते, ती तुम्ही आज स्वतः देऊन याल ना?"

फाईल भूगोलबाईंची होती. चौथा मजला, लिफ्ट नाही.

भूगोलबाई म्हणजे शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एकट्या बाई. घर घेतलं तेव्हा त्यांच्याबरोबर सामान थोडं आणि पृथ्वीचा गोल मोठा होता. जामीन राहिला होता त्यांचा भाचा, लांब परदेशात राहणारा. मावशी-भाच्याचं कशावरून तरी फाटलं होतं, बोलणं बंद होतं, पण भाडं तो मुकाट्याने भरायचा. जामीनदार म्हणून तपासणीचा रिपोर्ट त्याला जायचा आणि दर वेळी त्याचं उत्तर यायचं. "रिपोर्ट मिळाला. मावशी बरी आहे हे वाचून समाधान वाटलं. आपले आभार." दीर ते उत्तर फाईलला लावून टाकायचा. आता फाईल पुन्हा उघडल्यावर चावीबाईंना ती उत्तरं एकाखाली एक दिसली. सात होती, पहिल्या खऱ्या रिपोर्टचं एक आणि पुढची सहा. सहा वेळा तारीख फिरली होती. म्हणजे शेवटचं त्या घरात पाऊल टाकल्याला साडेतीन वर्षं झाली होती.

"बरं झालं, म्हातारी गरीब आहे," दीर म्हणाला. "जाऊन गोड बोलून या. उद्या परीक्षकांनी विचारलंच तर सांगा म्हणावं, या येतात नेहमी."

चावीबाई गेल्या. चार मजल्यांत त्या तीनदा थांबल्या. चौथ्या मजल्यावर दोनच दारं. त्यातलं एक घर बांधल्यापासून रिकामं, त्याची किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती. दुसऱ्या दाराची बेल दाबायला त्यांनी हात उचलला आणि बेल वाजायच्या आत दार उघडलं.

"या," भूगोलबाई म्हणाल्या. "भाडेकरू हजर आहे."

चावीबाई हसल्या. शिक्षकी विनोद असेल असं त्यांना वाटलं. भूगोलबाई होत्या तशाच होत्या, राखाडी स्वेटर, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात हिरव्या लोकरीचं विणकाम. बाई जरा म्हातारी दिसायला हवी होती, पण काही माणसं नाही दिसत.

"कशा आहात?"

"प्रकृती ठीक. तक्रार काही नाही."

"जिना फार आहे हो तुमचा. मला तर दम लागला."

"स्वयंपाकघर स्वच्छ. नळ गळत नाही. खिडक्यांच्या काचा शाबूत."

चावीबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. भूगोलबाईंचा चेहरा मायाळू होता, ओठांवर हसू होतं, आणि डोळे मात्र चावीबाईंच्या तोंडावर खिळले होते, परीक्षेत मुलाला उत्तर आठवतंय का हे बाई बघतात तसे. म्हातारपणी होतं असं, चावीबाईंनी मनाशी म्हटलं. एकटं माणूस, दिवसभर भिंतींशी बोलायचं, मग जिभेला वळण कसं राहणार? त्यांना वाईट वाटलं. जरा लाजही वाटली.

सूचनेचा कागद ठेवायला त्या टेबलाकडे वळल्या, आणि तिथेच थबकल्या. टेबलावर निळ्या काठाचा कप होता, अर्धा भरलेला. शेजारी घडी घातलेलं वर्तमानपत्र. खुर्चीच्या पाठीवर लोकरीचा गुंडा, त्यातून एक धागा जमिनीवर लोंबत होता. हे सगळं त्यांनी आज सकाळीच पाहिलं होतं, फाईलमधल्या फोटोत. धागा फरशीच्या ज्या रेघेवर टेकला होता तीसुद्धा तीच. वर्तमानपत्र साडेतीन वर्षांपूर्वीचं होतं. कपाला हात लावला तर कप गरम होता.

आणि ऊन. खिडकीतून ऊन येऊन टेबलाच्या पायाशी चौकोनी पडलं होतं, सकाळी अकराचं ऊन पडतं तसं. चावीबाईंच्या मनगटावरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. बाहेर आभाळ भरून आलेलं त्यांनी स्वतः बघितलं होतं.

त्या दाराकडे वळल्या. पण वीस वर्षं लोकांच्या घरांत शिरणारी बाई एकदम पळत नाही. भीती वाटली की माणूस नेहमीचं काम करायला लागतं, तसं चावीबाईंनी केलं. त्या तपासणी करायला लागल्या. नळ बघितला, गळत नव्हता. काचा शाबूत होत्या. भिंतीवर गीझरच्या विषारी वायूचा अलार्म होता. रिपोर्टमधला एकोणतिसावा मुद्दा, "अलार्म चालू". त्यांनी बटण दाबलं. अलार्म टिंटिं करून स्वच्छ वाजला, आणि चावीबाईंना इतका आधार वाटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चला, निदान हे तरी खरं आहे. तेवढ्यात आतला सेल बघून टाकू म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

आत सेल नव्हता. सेलच्या जागी पांढरी बुरशी धरलेल्या गंजाची भुकटी होती, ती त्यांच्या बोटांवर सांडली. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. अलार्म पुन्हा वाजला.

"अलार्म चालू," भूगोलबाई मागून म्हणाल्या.

आता एकच दार उरलं होतं, झोपायच्या खोलीचं. त्याच्याच आत न्हाणीघर आणि गॅसचा गीझर. पहिल्या तपासणीला भूगोलबाई संकोचून म्हणाल्या होत्या, "आत पसारा आहे हो, आज राहू दे." मग रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, "झोपण्याची खोली भाडेकरूच्या विनंतीवरून पाहिली नाही." पुढे तारखेबरोबर हे वाक्यही फिरत राहिलं. चावीबाईंनी त्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. या घरात रिपोर्टाबाहेरची अशी ही पहिलीच गोष्ट त्या करत होत्या.

"तिथे तुम्ही गेला नाहीत," भूगोलबाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. घोगरा, दमलेला, खरा. "म्हणून मलाही जाता येत नाही."

चावीबाईंनी वळून बघितलं. भूगोलबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय म्हणता तुम्ही?"

"आत पडलेय मी. पहिल्याच थंडीत. आंघोळीच्या आधी गरगरलं म्हणून जरा पलंगावर टेकले, गीझर चालू होता. हे वाजलंच नाही." त्यांनी अलार्मकडे बोट दाखवलं. "तुमची तपासणी त्याच्या आदल्या आठवड्यात होती. मी कॅलेंडरवर खूण केली होती. दुसरा कप काढून ठेवला होता तुमच्यासाठी. मला वाटलं, बाई कामात असतील, उद्या येतील. आल्या असत्या तर हे बटण दाबून बघितलं असतं ना तुम्ही?"

 चावीबाईंनी नक्की दाबून बघितलं असतं. तेवढं एक त्या कधी विसरत नसत, ज्या घरात जात त्या घरात.

"पडल्यावर वाटलं, संपलं. सुटले. तेवढ्यात तुम्ही लिहिलंत, भाडेकरू हजर होत्या. मग मला उठून इथे उभं राहावं लागलं. पुन्हा लिहिलंत, पुन्हा उभी राहिले. सहा वेळा. तो चहा मला पिताही येत नाही आणि टाकताही येत नाही. बाई, मी फार दमलेय. एकदा खरं लिहा. लिहा, हजर नव्हत्या."

चावीबाईंनी मुठीवरचा हात काढला. हात निघाला तसा भूगोलबाईंचा चेहरा पुन्हा गुळगुळीत झाला.

"प्रकृती ठीक," त्या म्हणाल्या. "तक्रार काही नाही."

चार मजले चावीबाई कशा उतरल्या ते त्यांच्या गुडघ्यांनाही कळलं नाही.

दिराने सगळं ऐकून घेतलं. आधी हसला, मग वहिनींच्या बोटांवरची पांढरी भुकटी बघून हसायचा थांबला. ऑफिसचं दार लावून त्याने त्यांना पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता तो. वाईट माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं, चांगल्या माणसाची पंचाईत असते.

"वहिनी, दार कुणी उघडलं? त्यांनी. बोललं कोण? त्या. मेलेलं माणूस दार उघडतं का?"

"त्यांनीच सांगितलं मला."

"म्हाताऱ्या काहीही सांगतात. बरं, समजा. समजा तुम्ही म्हणता तसंच आहे." तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि आवाज खाली आणला. "मग उद्या काय होईल? परीक्षक जातील. दार उघडेल. सगळं जागच्या जागी, अलार्म वाजणार, बाई म्हणणार तक्रार काही नाही. असा भाडेकरू शोधून सापडणार नाही! सही होईल, प्रमाणपत्र येईल. मग पुढच्या आठवड्यात शांतपणे आपण काय ते बघू."

"पुढच्या आठवड्यात काय बघणार, भाऊजी?"

दीर टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागला, आणि वहिनींना कळलं. प्रमाणपत्र मिळाल्यावर ते घालवायला कोण जातो? झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या आठवड्यात पुढचा आठवडा येईल, मग पुढची तपासणी येईल, मग तारीख फिरेल. चावीबाई घरी गेल्या. जेवल्या नाहीत. नवऱ्याची त्यांना फार आठवण आली, कारण असल्या वेळी तो ओरडला तरी असता.

दुसऱ्या दिवशी चारला परीक्षक जिन्याशी उभे होते. दीरही आला होता, हातात नवा सेल घेऊन, उगीच. 

बेल वाजायच्या आत दार उघडलं.

"या. भाडेकरू हजर आहे."

"वा," परीक्षक म्हणाले, आणि पहिली खूण केली.

पुढचा अर्धा तास चावीबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. परीक्षकांनी नळ बघितला, काचा बघितल्या, फोटो हातात धरून खोलीशी ताडून पाहिले आणि कौतुकाने मान हलवली. उन्हाच्या चौकोनातून ते दोनदा गेले, त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. अलार्मचं बटण दाबलं. टिंटिं. खूण. "काही अडचण, बाई?" "तक्रार काही नाही." खूण. झोपायच्या खोलीशी ते थांबले, रिपोर्ट वाचला, आणि म्हणाले, "भाडेकरूच्या खाजगीपणाचा मान. बरोबर. नियमात आहे." खूण.

दिराने सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू आला.

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "नुसते कागदी घोडे नाचवणारेच बघतो आम्ही रोज. तुमच्याकडे कागद आणि घर अगदी एक आहे. आता माझ्यासमोर आजचा रिपोर्ट भरा, तुम्ही सही करा, खाली मी करतो. तेवढं झालं की प्रमाणपत्र पाच वर्षांसाठी नवं." त्यांनी कोरा फॉर्म टेबलावर कपाशेजारी ठेवला.

चावीबाई बसल्या. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, "भाडेकरू हजर आहेत का? होय / नाही." समोर हाताच्या अंतरावर भूगोलबाई उभ्या होत्या, सुया हातात, हसत. त्यांना आता काही बोलता येत नव्हतं. त्या फक्त चावीबाईंच्या पेनाकडे बघत होत्या.

चावीबाईंना प्रमाणपत्र हवं होतं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त हवं होतं. दिराची दोन मुलं शिकत होती. या वयात त्यांना दुसरं कुणी काम देणार नव्हतं. एक खूण, आणि सगळं जागच्या जागी राहणार होतं. तेच तर त्यांना सहन होईना. जागच्या जागी राहणार होतं, सगळं, पुढची पाच वर्षं, गरम कपासकट.

त्यांनी "नाही"वर खूण केली.

"मॅडम," परीक्षक सौम्यपणे म्हणाले, "चुकून नाहीवर झाली खूण."

"चुकून नाही झाली, साहेब."

आणि खालच्या रिकाम्या जागेत त्या लिहायला लागल्या. अक्षर मोठं आणि स्वच्छ होतं. "भाडेकरू हजर नाहीत. पहिल्या तपासणीनंतर कालपर्यंत मी या घरात आले नव्हते. पुढचे सहाही रिपोर्ट मी ऑफिसात बसून तारीख बदलून लिहिले आहेत. अलार्म बंद आहे. झोपण्याची खोली पाहिलेली नाही, ती आज पाहते." दीर "वहिनी, वहिनी" म्हणत राहिला. त्यांनी खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

सही झाली आणि ऊन गेलं. कुणी दिवा मालवल्यासारखं नव्हे. ते तिथे कधी नव्हतंच, असं गेलं. खोली करडी झाली. कपाच्या तळाशी काळा पापुद्रा दिसला, लोकरीवर कसर लागलेली दिसली, टेबलावर बोट बुडेल इतकी धूळ दिसली, आणि त्या धुळीत आत्ता फॉर्म ठेवल्याचा चौकोन. शिळी, बंद, कोरडी हवा सगळ्यांच्या नाकातोंडात गेली.

भूगोलबाई अजून होत्या. त्यांनी विणकाम खुर्चीवर ठेवलं, मान डावीउजवीकडे वळवली, दिवसभर वर्गात उभं राहिलेल्या बाई शेवटच्या घंटेनंतर वळवतात तशी. चावीबाईंना वाटलं, आता या मला काहीतरी म्हणतील. शिव्या देतील, निदान बरं केलंत म्हणतील.  झोपायच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं, आत गेल्या, आणि दार तसंच उघडं राहिलं.

परीक्षक अलार्मपाशी गेले. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग आपल्या हातातल्या यादीकडे बघत राहिले. बेचाळीस खुणा होत्या, सगळ्या त्यांच्या स्वतःच्या हातच्या.

"मी बोललो त्यांच्याशी," ते म्हणाले. "मी आत्ता बोललो." ते मटकन खाली बसले, धुळीतच.

आत चावीबाई एकट्या गेल्या. ती खोली त्यांनी पाहिली. पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं, आणि नंतर कधी कुणाला सांगितलं नाही. पलंगावरचं पांघरूण नीट ओढायची त्यांना परवानगी नव्हती, म्हणून त्या नुसत्या उशाशी उभ्या राहिल्या, लोक येईपर्यंत.

प्रमाणपत्र गेलं, हे सांगायला नकोच. मंडळाने फाईल सील केली, खटला होईल असं कळवलं. दीर तीन दिवस बोलला नाही, चौथ्या दिवशी येऊन गुपचूप खोक्यांत सामान भरायला लागला. पोलीस म्हणाले, भाच्याला आम्ही कळवतो. चावीबाई म्हणाल्या, "नको. रिपोर्ट मीच पाठवत होते, हेही मीच सांगते."

मोकळ्या ऑफिसात त्या फोनपाशी बसल्या. त्याच्याकडे सकाळ होती. आवाज तरुण निघाला, त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच.

"मावशीच्या घराच्या एजंट ना तुम्ही?" तो आनंदाने म्हणाला. "रिपोर्ट आत्ता यायचा होता का? मावशी बरी आहे ना?"

चावीबाईंनी सांगितलं. काहीही गाळलं नाही. पहिली थंडी, गीझर, अलार्म, सहा तारखा, सगळं सांगितलं. फक्त भूगोलबाई उभ्या होत्या ते सांगितलं नाही, कारण ते ऐकायचा हक्क त्याला होता, पण सांगायचं धैर्य त्यांना नव्हतं. 

"मी दोनदा तिकीट काढलं होतं," तो म्हणाला. "भांडण मिटवायला. दोन्ही वेळा निघायच्या आदल्या आठवड्यात तुमचा रिपोर्ट आला. मावशी बरी आहे, तक्रार काही नाही. मग मला वाटलं, बरी आहे तर घाई कशाला. पुढच्या वर्षी जाऊ."

 त्याने फोन ठेवला नाही, आणि चावीबाईंनाही तो ठेवता आला नाही.